आपल्याकडे ऊन

"आपल्याकडे आज काय सुंदर ऊन पडलंय!" असं ती फोनवर म्हणाली आणि पलीकडे टिल्ली एकदम गप्प झाली. टिल्ली म्हणजे तिची अकरा वर्षांची लेक, आणि ही लेक झोपेतसुद्धा गप्प नसते, तेव्हा तिने आधी फोनच हलवून बघितला. फोन धडधाकट होता. "आई," टिल्ली सावकाश म्हणाली, "आपल्याकडे कुठंय ऊन? इथे सकाळपासून ढग आहेत. आजीने वाळत घातलेले कपडेपण आत आणले. आपल्याकडे म्हणजे कुठे?" समोर पातेल्यात अंडं उकळत होतं, हातात चमचा होता, आणि त्या चमच्याने तिला काही क्षण उगाचच हवा ढवळावी लागली. "अगं, इथे म्हणायचं होतं मला. माझ्याकडे." "मग तसं म्हण ना," असं म्हणून टिल्लीची गाडी शाळेतल्या भांडणावर गेली. कुणी कुणाची पट्टी मोडली आणि बाईंपुढे कोण साळसूद झालं, याची साद्यंत हकिकत झाली. टिल्लीच्या लेखी विषय संपला होता. तिच्या आईच्या लेखी तो आता कुठे सुरू होत होता, कारण शब्द चुकून आला असता तर एक वेळ ठीक होतं. तो अगदी जागच्या जागी आला होता, अंधारात चपला पायाला सापडाव्यात तसा.

मग फोन सासूबाईंनी घेतला. दर वेळी घेतात. फोनवर त्यांचा आवाज खाली उतरतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा. "कशी आहेस गं बाई? जेवतेस ना वेळेवर?" "हो आई." "करमतं का?" "कुठलं करमतंय." "हो गं बाई. इथेपण घर नुसतं खायला उठतं बघ. जाऊ दे. जातील हेही दिवस." "हो आई." हा संवाद इतका पाठ झाला होता की एकीने तो झोपेत सुरू केला असता तरी दुसरीने जागच्या जागी उत्तरं दिली असती. आज मात्र 'कुठलं करमतंय' म्हणताना तिची नजर ओट्याकडे गेली. ऊन ओट्यावर चढलं होतं, पातेल्याच्या वाफेत शिरलं होतं, कालच्या विसळून ठेवलेल्या एकुलत्या एका बशीवर बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला इतकं करमत होतं की नाचावंसं वाटत होतं. तिने फोन ठेवला, अंडं सोललं आणि उभ्या उभ्या खाल्लं. या घरात उभ्याने खाल्लं तरी कुणी बोलत नसे. घरमालकीण होती एक, पण तिचं सगळं लक्ष कुलपांवर. दार लावून निघाली की तीनदा परत येऊन कडी ओढून बघणार. तिने मनातल्या मनात त्या बाईचं नाव कुलूपबाई ठेवलं होतं. आजही कुलूपबाई जिन्यात भेटली, कडी ओढत. दोघी हसल्या आणि ती रस्त्याला लागली.

विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दुतर्फा झाडं, चढाचा रस्ता, एक इस्त्रीचं दुकान, एक चाव्या करून देणारा, आणि मग लाकडावर काम करणाऱ्या विभागाची ती लांबट, बुटकी इमारत. तंत्रनिकेतनात पोरांना बांधकाम शिकवता शिकवता तिची चौदा वर्षं गेली होती, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, वर्षभराची रजा टाकून, ती या परक्या देशात लाकूड मोडायला आली होती. अक्षरशः मोडायला. तर त्या चढावरून जाताना ती 'आपल्याकडे' हा शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होती. इकडच्या भाषेला हा घोळ माहीतच नाही. त्यांचा एकच शब्द, आम्हीलाही तोच आणि आपणलाही तोच. समोरच्याला धरलं की वगळलं, हे त्यांचं त्यांनाच माहीत. आपल्या भाषेत मात्र तोंड उघडलं की पहिल्या शब्दाला निवाडा. आम्ही जेवलो म्हणजे तू नाहीस. आपण जेवू म्हणजे ये, बस, पाट घे. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर ती सासरी 'तुमच्याकडे' म्हणत होती. 'तुमच्याकडे मीठ कुठे ठेवतात?' एके दिवशी ती सहज म्हणाली, 'आपल्याकडचं मीठ संपलंय,' आणि सासूबाई काही न बोलता उठल्या, खोबऱ्याची वाटी आणली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. त्यांनी तो शब्द बरोबर टिपला होता. म्हणजे आजचाही टिपला असणार. टिल्लीच्या शेजारीच तर बसल्या होत्या. चढ संपला तरी तिला तो संपलेला कळला नाही, ती इमारत ओलांडून पुढेच गेली आणि मग स्वतःशी हसत मागे वळली.

पहिला महिना खरा होता, हे कुणीतरी तिच्या बाजूने नोंदवून घ्यायला हवं होतं. पहिला महिना ती खरोखर रडली. भाषा कानावरून गोट्यांसारखी घरंगळत जाई. वर्गात सगळी विशी-बाविशीतली, आणि त्यांत ही, पर्समध्ये अजून टिल्लीचा रुमाल. बसचं दार उघडायला बटण दाबावं लागतं हे माहीत नसल्याने एकदा ती तीन थांबे पुढे गेली आणि तिथल्या बाकावर बसून लहान मुलासारखी रडली. तेव्हा तिने फोनवर 'करमत नाही' म्हटलं, ते काळजातून म्हटलं होतं. मग केव्हातरी, कुणी सांगितल्याशिवाय, ते थांबलं. एका संध्याकाळी ती बाजारातून येत होती, पिशवीत फक्त तिच्यापुरते चार बटाटे होते, आणि तिच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. लहानपणी घालायची. वडिलांनी 'मुलीची जात, शीळ कसली घालतेस' म्हणून बंद केली होती. इतकी वर्षं ती शीळ ओठांत कुठे जाऊन बसली होती कोण जाणे, पण सूर जसाच्या तसा होता. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि सासूबाईंनी विचारलं, करमतं का? ती म्हणाली, कुठलं करमतंय. एवढंच झालं. खोटं बोलायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. कालपर्यंतचं खरं उत्तर आज शिळं झालं होतं आणि तिने ते गरम करून वाढलं, इतकंच. पण एकदा वाढलं की रोज वाढावं लागतं.

आणि सांगणार तरी कसं? तिच्या इथे येण्याला घरात पाठिंबा दिला तो सासूबाईंनी. नवरा 'बघू, बघू' करत होता, तो भला माणूस, पण 'बघू' हीच त्याची धाव. मोठ्या वन्संनी मात्र भर दिवाणखान्यात विचारलं होतं, "एवढीशी पोर टाकून शिकायला? आणि या वयात? मजा आहे बाई एकेकीची." तेव्हा सासूबाई उसळून म्हणाल्या, "मजा कसली? रडतेय ती रात्रंदिवस. मीच ढकलतेय तिला." तिथून ते चालू झालं. शेजारच्या बायकांना, वन्संना, भाजीवालीला, सासूबाई एकच उत्तर देत होत्या: रडते हो बिचारी. तिचं रडणं ही सासूबाईंची ढाल होती. आईने रडत शिकावं, याला कुणाची हरकत नव्हती. हसत शिकणारी आई मात्र कुणाच्या हिशेबात बसत नव्हती, आणि तिचं तिलाच विचाराल तर तिच्याही बसत नव्हती. आनंद झाला की मागोमाग तिचा हात छातीकडे जाई, पदर नीट आहे ना बघायला जावा तसा. आपण मुळात अशाच होतो का? घर, लेक, ती माणसं, हे सगळं आपल्याला जड झालं होतं का? तसं तर नव्हतं. मग हे इतकं हलकं का वाटतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. फरक एवढाच की चोरलं काय होतं, हेच तिला सापडत नव्हतं.

प्रयोगशाळेत तिच्या जोडीला एक मुलगी होती, केसांचं टोपलं झालेली, म्हणून ती झिपरी. झिपरी तिला सरळ नावाने हाक मारी. बाई नाही, मॅडम नाही, काकू नाही. पहिल्यांदा त्या नुसत्या नावाने तिला दचकायला झालं होतं, कारण त्या नावाने हाक मारणारी माणसं आता बहुतेक फोटोत होती. दोघींचं काम असं की लाकडाच्या सारख्या मापाच्या कांड्या कापायच्या, भट्टीत वाळवायच्या, वजन उतरायचं थांबलं की बाहेर काढायच्या आणि यंत्राच्या दोन टेकूंवर आडव्या ठेवायच्या. मग वरून मधोमध भार येतो. आकडे चढतात. कांडी आधी नुसती वाकते, मग आतून बारीक किरकिर ऐकू येते, आणि मग काड्‌कन. ती किरकिर सुरू झाली की तिच्या तोंडून निघे, "धर, धर, धर…" लाकडाला उद्देशून. पतंग काटताना मुलं म्हणतात तसं. पहिल्यांदा झिपरीने अर्थ विचारला, मग तीही म्हणायला लागली, आणि आता तर पलीकडच्या टेबलावरचे प्राध्यापक, मिशी पिकलेला गंभीर माणूस, तेसुद्धा चष्मा वर करून अस्खलित 'धर धर' म्हणत. आज सकाळी एका कांडीने कमाल केली. आकडा चढतच गेला, काल सगळ्या मोडल्या त्याच्या कितीतरी पुढे गेला, तिघंही यंत्राभोवती वाकून 'धर, धर' करत होते, आणि कांडी मोडली तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता तिचे हात थांबले.

"काय झालं?" झिपरीने विचारलं. तेव्हा तिने तोडक्यामोडक्या बोलीत सकाळची गोष्ट सांगितली. तुमच्या एका शब्दाला आमच्या भाषेत दोन शब्द आहेत, एक आतला, एक बाहेरचा, आणि आज मी आतला शब्द इथल्यासाठी वापरला, आणि तो माझ्या मुलीने पकडला. झिपरीने कांडीचे तुकडे गोळा करत नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी तुझ्या आतल्या शब्दात आहे?" "आहेस." "आणि तुझी मुलगी?" "ती तर आहेच गं." "मग भांडण कशाचं?" भांडण कशाचं हे सांगण्याइतकी ती भाषा तिला येत नव्हती. आपल्या भाषेत तरी सांगता आलं असतं का, देव जाणे. लाकूड ज्या खोलीत ठेवाल तिथल्या हवेतली ओल घेतं आणि तिथलंच होऊन राहतं, हे चौदा वर्षं फळ्यावर लिहून तिची बोटं झिजली होती, आणि आता ते वाक्य शहाण्यासारखा चेहरा करून तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. तिने त्याला हाकलून लावलं. मी काय लाकूड आहे? मी सून आहे, आई आहे, आणि भित्री आहे. त्यातलं शेवटचं तेवढं बदलता येण्यासारखं होतं.

मधल्या सुट्टीत ती इमारतीमागच्या बाकावर जाऊन बसली. ऊन तिथेही आलं होतं, ते काही ऐकायला तयार नव्हतं. एरवी ती सकाळीच फोन करी, ठरलेल्या वेळी, सगळे तयारीत असत. या वेळी तिने कधीच केला नव्हता. तिकडे आता तिन्हीसांज होत असेल. आज सांगून टाकायचं. रागावल्या तर रागावतील. फार तर म्हणतील, तुझ्यासाठी मी जगाशी भांडले आणि तू तिकडे मजा केलीस. म्हणू देत. पुन्हा कधी त्या हातावर खोबरं ठेवणार नाहीत असंही होईल. हा विचार करत करतच तिने नंबर लावला आणि पलीकडे फोन उचलला गेला. कुणी हॅलो म्हणायच्या आत तिच्या कानावर हास्याचा असा लोंढा आला की तिने फोन दूर धरला. नवरा ओरडत होता, "राणी माझी! राणी माझी!" त्या 'बघू बघू' करणाऱ्या माणसाला असा आवाज आहे, हे तिला लग्नापासून माहीत नव्हतं. टिल्ली किंचाळत होती. आणि या सगळ्याच्या वर, खो खो, धाप लागेपर्यंत, सासूबाई हसत होत्या. मग कुणीतरी "शूऽऽ, तिचा आहे!" म्हणालं, आणि तिकडे दिवा मालवावा तशी शांतता झाली. घसा खाकरला गेला. आवाज खाली उतरला. "बोल गं बाई. या वेळेला कसा केलास? बरी आहेस ना? इथे आपलं… घर नुसतं खायला उठतंय बघ."

तिला लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच झोंबलं. मला सोडून इतकं हसतात? माझ्या घरात, माझ्या दिवाणखान्यात? आणि तो झोंबलेला क्षण सरायच्या आतच तिला कळलं की ज्याला आपण घाबरत होतो ते हेच, फक्त उलट्या बाजूने. तिला आताही 'हो आई' म्हणता आलं असतं. चार महिने उरले होते, तेवढे दोन्हीकडून सुखाने रडता आलं असतं.

"आई," ती म्हणाली, "मला इथे करमतं."

उत्तराची वाट न बघता तिने पुढचंही सांगून टाकलं.

"छान करमतं. मी खोटं सांगत होते. मला तुमची सगळ्यांची माया आहे, पण मी रडत नाही. मी शीळ घालते आई. सकाळी टिल्लीशी बोलताना आपल्याकडे म्हणाले ना, ते चुकून नव्हतं."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. पावलांचा आवाज आला, गॅलरीच्या दाराची कडी वाजली. आता त्या बोलल्या तो आवाज वर आलेला, त्यांचा नेहमीचा, भाजीवालीशी घासाघीस करायचा. "कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"आम्हाला तिसऱ्यापासून."

"काय?"

"करमतंय गं आम्हाला. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आधी फार जड गेलं. टिल्ली तुझी उशी घेऊन झोपायची. मग तुझ्या नवऱ्याने एक दिवस भाजी केली. इतकी वाईट, इतकी वाईट, की आम्ही तिघं हसून हसून लोळलो. तिथून जे सुरू झालं ते झालंच. आता बरी करतो हो. टिल्ली आपली वेणी आपण घालते, वाकडी घालते, पण घालते. आणि दिवेलागणीला आम्ही पत्ते खेळतो. पाच-तीन-दोन. तुला कसं सांगायचं? तू तिकडे एकटी रडतेयस आणि आम्ही इथे खिदळतोय! तुझा फोन आला की मी सगळ्यांना गप्प करते आणि तोंड पाडून बसते. बसून बसून गाल दुखतात माझे."

"आणि मी इकडे तुमच्यासाठी तोंड पाडत होते."

"म्हणजे तुला करमतंय, आम्हाला करमतंय," सासूबाई म्हणाल्या. "मग इतके दिवस रडत कोण होतं गं?"

आणि दोघींना हसू फुटलं. बाकावर ती इतकी हसली की खिडकीतून झिपरीने डोकावून बघितलं. वाक्य सुरू करायचं आणि ते हसण्यात बुडायचं, असं दोन्हीकडे बराच वेळ चाललं. "वन्संना काय सांगणार?" तिने डोळे पुसत विचारलं. "सांगेन, रडते म्हणून. तिला तेवढंच समाधान. आपण कशाला मोडा?" सासूबाई म्हणाल्या. मग साध्या आवाजात: "शीळ घाल हो तू. मलाही येते. सासरी आल्यावर सोडली. आणि हे बघ, पाच-तीन-दोनला तिघंच लागतात. तू आलीस की मेंढीकोट खेळू, त्याला चौघं लागतात." एवढं बोलून त्यांनी तिच्या आधी फोन ठेवला. असं कधी झालं नव्हतं. आजवर दोघी 'ठेवते', 'ठेव', 'तू ठेव' करत पाच मिनिटं घालवत.

ती बाकावर बसून राहिली. अंगावरून मोठं ओझं उतरलं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत, तिला कळायच्या आत, काहीतरी येऊन बसलं. तिला घराची आठवण आली. कितीतरी महिन्यांनी खरी आठवण, कुणाला ऐकवायची नसलेली. तो दिवाणखाना, सतरंजी, चष्मा कपाळावर चढवून पानं लावणाऱ्या सासूबाई, आणि ओरडणारा नवरा, जो तिला बघायचा होता, आत्ताच्या आत्ता. इथलं ऊनही हवं होतं आणि तिथली सतरंजीही, आणि दोन्ही हवं असण्याची आता तिला लाज वाटत नव्हती. तिने पुन्हा फोन लावला. नवऱ्याने उचलला. "अहो, राणीचं काय झालं पुढे?" "अगं, डाव रंगात आलाय, धर जरा," असं म्हणून त्याने फोन सतरंजीवर ठेवला आणि बहुधा विसरून गेला. तिने तो बंद केला नाही. कानाशी धरून ती ऐकत राहिली. पानं आपटत होती. "हात माझा." "ओढा आता दोन." कुणाच्या तरी बांगड्या. मग बदामाचं पान पडलं असावं, कारण नवरा म्हणाला, "टाक बदाम," आणि टिल्ली म्हणाली, "माझ्याकडे बदाम नाहीचे मुळी."

ते 'मुळी' तिने ओळखलं. शाळेने अभ्यास दिलाच नाही मुळी. पट्टी मी मोडलीच नाही मुळी. हजारो मैल लांब, उन्हातल्या एका बाकावर, ती ताडकन उठून उभी राहिली आणि आजूबाजूची माणसं वळून बघताहेत याची पर्वा न करता फोनमध्ये ओरडली, "आहे तिच्याकडे बदाम! बघा तिची पानं!"

मग टिल्ली रडवेली होऊन किंचाळली, "आजीऽऽ, आई खेळात नाहीये ना!" आणि सासूबाई म्हणाल्या, "आहे की. टाक बदाम."